डर्मॉइड ओळखताना: आधी चरबी सिद्ध करा, मग बाकीचं बघा

ओव्हरीतला डर्मॉइड, म्हणजे चरबी, केस, दात असू शकणारी गाठ, ओळखणं सोपं असतं, हे रेडिऑलॉजी रेसिडेन्सीच्या पहिल्याच वर्षात सगळ्यांना कळतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. तरुण पेशंट, पाच-सहा सेंटिमीटरची सिस्ट, आत एक पांढरा गोळा आणि त्याच्यामागे शॅडो. रिपोर्ट दोन ओळींत उरकतो. माझी तक्रार त्या उरकण्याबद्दल आहे. फॅट दिसलं की पुढचं बघणं थांबतं. रेसिडेंट्सचे रिपोर्ट तपासताना हे मला सारखं दिसतं.

म्हणून मी शिकवताना कामाचे दोन भाग करते. पहिला, फॅट आहे हे सिद्ध करणं. 'फॅट वाटतंय' एवढ्यावर रिपोर्ट लिहायचा नाही. दुसरा, फॅट सिद्ध झालं की ते बाजूला ठेवून गाठीत फॅट नसलेलं जे काही आहे ते तपासणं. निदान पहिल्या भागात होतं, पण गाठ निरुपद्रवी आहे की नाही हे दुसऱ्या भागात ठरतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. टेराटोमा जर्म सेलपासून, म्हणजे ज्यांतून स्त्रीबीज तयार होतं त्या पेशींपासून, होतो आणि त्यात त्वचा, केस, दात, हाड, मेंदूच्या पेशी, थायरॉइड असं काहीही सापडू शकतं. मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा म्हणजे आपला रोजचा डर्मॉइड. ओव्हरीच्या ट्यूमर्समध्ये त्याचा वाटा १० ते २० टक्के धरतात. साधारण दहातल्या एका पेशंटमध्ये तो दोन्ही बाजूंना असतो, म्हणून एका बाजूचा सापडल्यावर सोनोग्राफीचा प्रोब उचलायचा नसतो. इमॅच्युअर (अपक्व ऊतींचा) टेराटोमा त्या मानाने फारच विरळा. आणि एकाच प्रकारच्या ऊतींचे, म्हणजे स्ट्रुमा ओव्हरी (बहुतांशी थायरॉइडच्या ऊतीचा) वगैरे, हा तिसरा गट.

सोनोग्राफीत

पोटावरून आणि टीव्हीएस (योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी), दोन्ही करा. टीव्हीएस केली म्हणजे सगळं दिसलं असं समजू नका. डर्मॉइड जरा मोठा झाला की गर्भाशयाच्या पुढे, वर सरकून बसतो आणि टीव्हीएसच्या टप्प्याबाहेर जातो. ब्लॅडर भरलेला असताना पोटावरून नीट पाहिलं तर तो सापडतो.

आता खरी अडचण. डर्मॉइडमधले केस आणि सीबम (त्वचेचा तेलकट स्राव) मिळून जो गोळा होतो तो आवाजाच्या लहरी इतक्या शोषतो की पुढचा काठ चमकतो आणि मागचं सगळं काळोखात जातं. यालाच टिप ऑफ द आइसबर्ग म्हणतात. हे चिन्ह परीक्षेत हमखास विचारतात, पण त्याचा दुसरा अर्थ कोणी सांगत नाही: जे चिन्ह गाठ ओळखायला मदत करतं तेच गाठ लपवतं. आतड्यातला गॅसही असाच दिसतो, चमकदार काठ आणि मागे घाण शॅडो. डर्मॉइड सुटतो तो बहुतेक वेळा असाच, 'बॉवेल गॅस' म्हणून.

मी काय करते ते सांगते. त्या बाजूची ओव्हरी स्वतंत्रपणे शोधते. फॉलिकल्स असलेली, नीट काठ असलेली ओव्हरी वेगळी सापडली, तर तो चमकदार भाग आतडं असण्याची शक्यता वाढते. ओव्हरी सापडतच नाही आणि तिच्या जागी 'गॅस' आहे, तर तो गॅस नसेल असं धरून पुढे जायचं. मग प्रोब एकाच जागी ठेवून हात न हलवता थांबायचं. अर्धा मिनिट तरी. आतडं असेल तर हालचाल दिसते, चमकणाऱ्या रेषेचा आकार बदलतो. त्यानंतर टीव्हीएस प्रोबने हलकेच दाब द्यायचा आणि दुसरा हात पोटावर ठेवून वरून ढकलायचं. आतड्याचा वळसा बाजूला सरतो, आकार बदलतो. डर्मॉइड आहे त्याच आकारात, अख्खाच सरकतो. शेवटी त्या चमकदार भागाच्या कडेने प्रोब फिरवायचा. कुठेतरी पातळ काळ्या ओव्हरीच्या ऊतीची चंद्रकोर, त्यात एखादा फॉलिकल दिसला, की ती गाठ ओव्हरीतलीच. एवढं सगळं करायला दोन-तीन मिनिटं लागतात. बाहेर पेशंटची रांग असली तरी ती मिनिटं काढायची.

बाकीची चिन्हं ओळखायला सोपी आहेत. सीबममध्ये विखुरलेले केस लांबीत दिसले की छोट्या चमकदार रेघा, टोकावर दिसले की ठिपके: रेघा-ठिपक्यांची ही जाळी. इथे हेमोरेजिक (रक्त साठलेल्या) सिस्टशी गल्लत होते. रक्ताच्या सिस्टमध्ये फायब्रिनचे धागे बारीक, फिकट, वाकडे असतात आणि एकमेकांना जोडलेले दिसतात. सिस्टच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो, काळवंडलेला नाही. डर्मॉइडच्या रेघा जाड, ठसठशीत आणि तुटक. तरीही शंका राहिली तर घाई करू नका, सहा ते बारा आठवड्यांनी परत बघा. रक्त विरघळतं, आकसतं. डर्मॉइड तिथेच असतो. मेनोपॉजच्या आधी त्याची वाढ वर्षाला सरासरी दोन मिलिमीटरलाही पोचत नाही.

द्रवाची पातळी दिसली तर वर काय आहे ते बघा. शरीराच्या तापमानाला सीबम पातळ असतं आणि पाण्यावर तरंगतं, म्हणून चमकदार थर सहसा वर असतो. रक्तात उलट, पेशी खाली बसतात. पेशंटला कुशीवर वळवलं की पातळी वळते. आणि तरंगणारे गोल गोळे, एकाच सिस्टमध्ये अनेक, दिसले तर निदानाबद्दल वाद घालायचं कारण उरत नाही. हे चिन्ह क्वचित दिसतं, पण एकदा पाहिलं की विसरत नाही.

डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावायचाच. साध्या डर्मॉइडच्या आतल्या भागात रक्तप्रवाह नसतो. मात्र कॅल्सिफिकेशनवर किंवा केसांवर रंग चमचमतो, तो ट्विंकलिंग आर्टिफॅक्ट, म्हणजे खोटा रंग. रंग दिसला म्हणून घाबरू नका. स्पेक्ट्रल डॉपलर लावून खऱ्या रक्तप्रवाहाचा आलेख (वेव्हफॉर्म) येतो का ते बघा.

ओ-रॅड्समध्ये (ओव्हरीतल्या गाठींना धोक्यानुसार स्कोअर देणारी पद्धत) हेच नेमकेपणाने बांधून दिलंय: तीनपेक्षा जास्त कप्पे नाहीत, आत रक्तप्रवाह नाही, आणि शॅडो देणारा चमकदार भाग, रेघा-ठिपके किंवा तरंगते गोळे यांतलं किमान एक तरी आहे. असा डर्मॉइड १० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर स्कोअर २, त्याहून मोठा असेल तर ३. ऑपरेशन करायचं नसेल तर साधारण वर्षाने परत सोनोग्राफी.

सीटी

डर्मॉइडसाठी म्हणून सीटी करू नका. तरुण पेशंटच्या ओव्हरीवर रेडिएशन टाकून जे कळेल ते सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये कळतं. पण पोटदुखीसाठी, खड्यासाठी, अपघातासाठी केलेल्या सीटीत डर्मॉइड अचानक समोर येतो, आणि तेव्हा तो ओळखणं सगळ्यात सोपं. सीटीत दहातल्या नऊ डर्मॉइडमध्ये फॅट सापडतं. दात किंवा कॅल्शियम साधारण निम्म्यांत. डोळ्यांवर विसंबू नका, आरओआय (मोजायच्या भागावरचं वर्तुळ) ठेवून घनतेचा आकडा घ्या. उणे २० हाउन्सफिल्ड युनिटच्या खाली गेलं म्हणजे फॅट. बहुतेकदा उणे १०० च्या आसपास भरतं. आरओआय काठापासून आत ठेवा, नाहीतर बाजूच्या पोटातल्या चरबीचा आकडा तुमच्या गाठीच्या नावावर जमा होतो.

एमआरआय: फॅट की रक्त

एमआरआयला डर्मॉइड येतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी. टी-१ (एमआरआय इमेजचा एक प्रकार) वर चमकणारं हे फॅट आहे की जुनं रक्त? एंडोमेट्रिओमाही (एंडोमेट्रिओसिसची जुन्या रक्ताची सिस्ट) टी-१ वर पांढराशुभ्र. उत्तर द्यायला फॅट-सॅच (फॅटचा सिग्नल दाबलेला) टी-१ लागतो. फॅट-सॅचवर काळं पडलं ते फॅट, तसंच चमकत राहिलं ते रक्त. एंडोमेट्रिओमा असेल तर टी-२ वर शेडिंगही (काळवंडणं) दिसतं.

इथे एक सापळा आहे आणि तो प्रोटोकॉल लावतानाच टाळायचा असतो. स्टिअर (सिग्नल दाबणारी एमआरआयची आणखी एक पद्धत) वर सिग्नल गेला म्हणून 'फॅट' म्हणू नका. स्टिअर फॅटला ओळखून दाबत नाही, त्याच्या टी-१ वेळेवरून (सिग्नल सावरायला लागणाऱ्या वेळेवरून) दाबतो; रक्ताचा टी-१ तेवढाच आखूड असेल तर रक्तही दाबलं जातं. म्हणजे एंडोमेट्रिओमा अगदी डर्मॉइडसारखा वागतो. फ्रिक्वेन्सीवर चालणारं फॅट सॅचुरेशन किंवा डिक्सन (फॅट आणि पाणी वेगळं करणारी पद्धत) हवं. टेक्निशियनने 'फॅट सप्रेशन केलंय' असं सांगितलं तर कुठलं केलंय ते विचारा. पेल्विसचा प्रोटोकॉल ठरवताना मी सगळ्यात जास्त वेळ याच वादात घालवते.

फॅट अगदी थोडं असेल तर इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज (फॅट आणि पाण्याचे सिग्नल जुळलेल्या आणि एकमेकांविरुद्ध असलेल्या) इमेज बघा. फॅट आणि पाणी एकाच व्हॉक्सेलमध्ये (इमेजच्या सगळ्यात छोट्या तुकड्यात) असेल तिथे आउट-ऑफ-फेजवर सिग्नल पडतो. पण मोठ्या, शुद्ध फॅटच्या भागात सिग्नल पडत नाही, फक्त काठावर काळी रेघ उमटते. हे माहीत नसलं की 'आउट-ऑफ-फेजवर ड्रॉप नाही, म्हणजे फॅट नाही' असा उलटा निष्कर्ष निघतो, आणि तो मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलाय.

डिफ्युजनबद्दलही (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारी एमआरआय इमेज) सावध राहा. डर्मॉइडमधलं केराटिन डिफ्युजनवर चमकतं आणि एडीसी (त्या हालचालीचं माप) खाली जातो. तेवढ्यावरून कॅन्सर लिहायचा नाही.

आता फॅट सोडून बाकीचं

फॅट सिद्ध झालं. इथून पुढे त्या गाठीच्या भिंतीभोवती डोळे फिरवायचे.

भिंतीपासून आत डोकावणारा गोळा, रोकिटान्स्की नोड्यूल, हा डर्मॉइडचा नेहमीचा भाग. केस त्यातून निघतात, दात-हाड त्याच्या आसपास असतं. तो भिंतीशी लघुकोन करून आत येतो. त्याने थोडं कॉन्ट्रास्ट घेतलं तर चालतं; ओ-रॅड्स एमआरआयमध्येही लिपिड असलेल्या गाठीतल्या अशा नोड्यूलच्या किरकोळ एन्हान्समेंटमुळे स्कोअर २ च राहतो. स्कोअर ४ होतो तो एन्हान्स होणारा घन भाग मोठा असेल तेव्हा.

पन्नाशीच्या पुढची पेशंट, दहा सेंटिमीटरच्या पुढची गाठ, घन भाग भिंतीशी विशालकोनात पसरलेला, भिंत ओलांडून बाहेर शेजारच्या आतड्याकडे किंवा गर्भाशयाकडे जाणारा: हे डर्मॉइडमध्ये झालेलं मॅलिग्नंट ट्रान्स्फॉर्मेशन (कॅन्सरमध्ये रूपांतर) समजून लिहा. प्रमाण एक-दोन टक्के, आणि बहुतेक वेळा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा ट्यूमर सुटतो तो फॅटच्या आड. फॅट इतकं ठळक असतं की बघणारा 'डर्मॉइड' म्हणून मोकळा होतो, आणि भिंतीचा तो जाड झालेला तुकडा फिल्मवर असूनही कोणी बोलत नाही. कॉन्ट्रास्ट दिलेल्या एमआरआयमध्ये सबट्रॅक्शन इमेज (कॉन्ट्रास्टनंतरच्या इमेजमधून आधीची वजा केलेली) मागायची ती म्हणूनच. टी-१ वर मुळातच चमकणाऱ्या गाठीत काय एन्हान्स झालं ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

इमॅच्युअर टेराटोमाचं चित्र जवळजवळ उलटं. मुलगी किंवा विशीच्या आतली तरुणी, मोठी गाठ, बहुतेक घन. फॅट असतं, पण एका जागी साठलेलं नाही. घन भागात इथे-तिथे छोटे ठिपके. कॅल्शियमही तसाच विखुरलेला, खडबडीत, तर मॅच्युअर डर्मॉइडमध्ये तो सहसा नोड्यूलपाशी किंवा भिंतीत एकवटलेला असतो. मी रेसिडेंट्सना एकच प्रश्न विचारते: या गाठीत फॅट आहे, की घन गाठीत फॅटचे ठिपके आहेत? दुसरं असेल तर एएफपी (रक्तातला ट्यूमर मार्कर) पाहायला सांगा, पोटातला द्रव आणि पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) बघा. एएफपी नॉर्मल आला तरी इमॅच्युअर टेराटोमा नाकारता येत नाही.

उपचारानंतरच्या स्कॅनबद्दल इथेच सांगून टाकते. इमॅच्युअर टेराटोमाच्या केमोथेरपीनंतर गाठी वाढतात आणि मार्कर मात्र नॉर्मल होतात, असं होऊ शकतं. त्या वाढलेल्या गाठींत फॅट आणि कॅल्शियम वाढलेलं दिसतं. हा ग्रोइंग टेराटोमा सिंड्रोम, मॅच्युअर ऊतींची वाढ. 'प्रोग्रेशन' एवढाच शब्द लिहिला तर ऑन्कॉलॉजिस्ट केमो बदलेल, आणि या गाठींना केमोचा उपयोग नसतो. त्या काढाव्या लागतात.

स्ट्रुमा ओव्हरीमध्ये बहुतेकदा फॅट सापडतच नाही, म्हणून टेराटोमा सुचत नाही. अनेक कप्प्यांची गाठ, सीटीवर काही कप्पे दाट, टी-२ वर काही कप्पे अगदी काळे, आणि घन भाग जोरात एन्हान्स होणारा. ते काळे कप्पे कोलॉइडचे. गाठ पाहून कॅन्सर वाटतो. 'स्ट्रुमा असू शकतो' हे वाक्य रिपोर्टमध्ये असलं तर ऑपरेशन किती मोठं करायचं याचा विचार बदलू शकतो.

इमर्जन्सीमध्ये

सगळ्यात सामान्य गुंतागुंत टॉर्शन, म्हणजे ओव्हरी पिळली जाणं. डर्मॉइड जागेवरून हललेला, गर्भाशय त्या बाजूला ओढलेलं, भिंत जाड, आणि पिळलेला पेडिकल (देठ) भोवऱ्यासारखा. डॉपलरवर प्रवाह दिसला तरी टॉर्शन नाकारू नका. हे वाक्य मी शिकवून थकत नाही. पेशंटला दुखतंय कुठे ते प्रोबनेच विचारा.

डर्मॉइड फुटणं क्वचित, पण फुटला तर सीटीवर एक गोष्ट बघायची. सीबमचे थेंब पेरिटोनियल पोकळीत वर तरंगतात आणि बरेचदा यकृताच्या वर, डायफ्रामखाली जाऊन बसतात. नेहमीच्या पोटाच्या विंडोवर फॅटही काळं आणि हवाही काळी, म्हणून 'फ्री एअर' वाटू शकते. विंडो रुंद करा. हवा कुळकुळीत काळी राहते, फॅट करडं होतं. किंवा आरओआय ठेवा: हवा उणे हजाराच्या जवळ, फॅट उणे शंभराच्या जवळ. हळूहळू गळणाऱ्या डर्मॉइडमुळे ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) जाड होतं, द्रव साठतो, आणि कार्सिनोमॅटोसिस (पोटात पसरलेला कॅन्सर) किंवा टीबी लिहिला जातो. अशा पोटात तरंगणारा फॅटचा एक थेंब सापडला की सगळं निदान फिरतं.

न्यूरॉलॉजीकडून येणारा फॉर्म वेगळाच. तरुण पेशंट, अचानक भ्रम, आकडी, विचित्र हालचाली. एनएमडीए रिसेप्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह. ओव्हरीतल्या टेराटोमाशी या एन्सेफलायटिसचं (मेंदूच्या सुजेचं) नातं जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं. इथे गाठ सेंटिमीटरभराची असू शकते आणि ओव्हरी आकाराने नॉर्मल. नेहमीच्या जाड स्लाइसमध्ये ती निसटते. टी-१ पातळ स्लाइसमध्ये, फॅट-सॅचसह आणि शिवाय, दोन्ही ओव्हरी एकापुढे एक लावून बघा. फॉलिकल्सच्या गर्दीत एकच ठिपका फॅट-सॅचशिवाय चमकतो आणि फॅट-सॅचवर विझतो, तो शोधायचा.

फॅट आहे, पण ओव्हरीतलं नाही

पेल्विसमधलं प्रत्येक फॅट डर्मॉइड नसतं. मेनोपॉजनंतर दिसणारा लिपोलायोमायोमा (फॅट असलेला फायब्रॉइड) गर्भाशयाचा असतो. त्याला गर्भाशयाच्या ऊतीची चोच आणि तिथून येणाऱ्या रक्तवाहिन्या शोधा, आणि ओव्हरी वेगळी दाखवा. गाठीच्या मागे सेक्रम असेल तर सेक्रोकॉक्सिजियल टेराटोमाची आठवण ठेवा. लायपोसार्कोमा (फॅटचा कॅन्सर) पेरिटोनियमच्या मागे असतो आणि शेजारच्या अवयवांना ढकलतो. ओव्हरीची शीर गाठीकडे जाते का, हे पाहिलं की यातले बरेच प्रश्न सुटतात.

रिपोर्ट लिहिताना

'डर्मॉइड, सूचना: क्लिनिकल कोरिलेशन' हा रिपोर्ट मी परत पाठवते. बाजू, तीन मापं, कप्पे, फॅट कशाने सिद्ध झालं (आकडा, फॅट-सॅच किंवा सोनोग्राफीतलं चिन्ह), घन भाग आहे का, तो एन्हान्स होतो का, भिंत अखंड आहे का, पेल्विसमध्ये द्रव आहे का. दुसरी ओव्हरी. दिसली नाही तर 'दिसली नाही' असं लिहा. 'नॉर्मल' नका लिहू. जुने स्कॅन असतील तर त्यांच्याशी मापं जुळवून फरक मिलिमीटरमध्ये द्या.

आणि एक ओळ जी बहुतेक रिपोर्टांत नसते: गाठीभोवती ओव्हरीची नॉर्मल ऊती कुठे आणि किती उरली आहे. गाठीच्या खालच्या काठाला दोन फॉलिकल्स असलेली पट्टी दिसतेय, एवढं लिहिलं तरी सर्जनला सिस्ट सोलून ओव्हरी वाचवण्याची आखणी ऑपरेशनच्या आधीच करता येते.